चाळणीची सहाशे चाळीस भोकं

मी एक जुनी स्क्रिप्ट आहे, अवघ्या बावीस ओळींची. मित्रांनो, स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या सूचना: इथे रेघ ओढ, तिथे वर्तुळ काढ. आहे मी एवढीशी, पण तोरा मोठा!

माझा जन्म चाळण्यांच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या ड्रॉइंग काढणाऱ्या बाई माऊसने एकेक भोक काढत बसायच्या. एका चाळणीला सहाशे चाळीस भोकं! त्यात साहेब रोज माप बदलायचे आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटी साहेबच वैतागले. "बाई, शुक्रवारी ड्रॉइंग मिळालं नाही, तर हे काम बाहेर देतो. तुम्ही मग जावक विभागात बसा." बाईंचा चेहरा पडला. ड्रॉइंगवर त्यांचा फार जीव होता.

पण त्या हट्टाला पेटल्या. जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडून मला लिहू लागल्या. पहिल्या दिवशी मी एक रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी वर्तुळ काढलं, तर बाईंनी चक्क टाळी वाजवली. गुरुवारी त्यांनी मला सगळी भोकं काढायला लावली आणि मी असा काही गोंधळ घातला, की विचारू नका!

"अगं बाई! ही सगळी एकमेकांच्या डोक्यावर का बसली?" बाई ओरडल्या. ड्रॉइंगच्या प्रोग्राममधली जवळचा बिंदू आपोआप पकडायची सोय चालूच राहिली होती. त्यामुळे माझं प्रत्येक नवं भोक शेजारच्याला जाऊन चिकटत होतं. चूक सापडल्यावर बाई पोट धरून हसल्या आणि ती सोय बंद करणारी ओळ त्यांनी माझ्या सुरुवातीलाच घातली.

शुक्रवारी मी बघता बघता सहाशे चाळीस भोकं काढली. साहेबांनी चष्मा पुसून दोन रांगा मोजल्या. "हे तुम्ही काढलंत?"

"हिने काढलं. पण हिला मी लिहिलं," बाई म्हणाल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! काम बाहेर गेलं नाही.

पुढे चार वर्षं माझे लाड झाले. मग त्या चाळण्यांची मागणी बंद झाली आणि मी 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये पडून राहिले. परवा तीच चाळणी पुन्हा मागवली गेली. बाईंनी मला उघडलं आणि डोकंच धरलं. "हा चौदा कसला गं?" स्वतःच लिहिलेला आकडा त्यांना आठवेना! मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. दोन भोकांमधलं अंतर होतं ते. तासाभराने उलगडा झाल्यावर त्यांनी प्रत्येक ओळीशेजारी तिचा अर्थ लिहून टाकला.

मित्रांनो, तुम्हीही असं काही लिहाल, तेव्हा मागून येणाऱ्यासाठी दोन शब्द लिहून ठेवा. तेवढ्यावर आम्ही जगतो. माझ्या माथ्यावर तर बाईंनी लिहिलंय, "हिला खोडू नका. हिने माझी खुर्ची राखली."