सूक्ष्म देहाचं सहावं बोट

अंतर्यामी महाराज एक पैसाही घेत नसत, हीच त्यांची सगळ्यात मोठी जाहिरात होती. मी दवाखान्यात हिशेब लिहितो. त्यामुळे कोणी काही घेत नाही असं ऐकलं, की मी आधी त्याच्या मेव्हण्याकडे बघतो. महाराजांच्या फ्लॅटखाली मेव्हण्याचं दुकान होतं, आणि महाराज ज्या तेलावर फुंकर घालत ते तेल साऱ्या जगात तेवढ्या एकाच दुकानात मिळायचं. शिवाय जमेला होती जिन्याखालपर्यंत लागलेली रांग आणि पायांवर टेकलेली डोकी. कालपर्यंत ज्याला कोणी "बस" म्हणत नव्हतं, त्याच्यासमोर आता खुर्चीवर बसायचीही कोणाची छाती नव्हती.

त्या रांगेत माझी आत्या होती.

आत्याचा आवाज म्हणजे आमच्या इमारतीची घंटा. तिने खालून "ए, भाजी ने रे!" म्हटलं, की चौथ्या मजल्यावर ज्याची भाजी नाही तोसुद्धा खाली उतरायचा. ती महाराजांसमोर गेली तेव्हा महाराज शिरस्त्याप्रमाणे उठले आणि पडद्यामागे ध्यानाला गेले. आत निळसर प्रकाश पडला. भक्तांनी हात जोडले. थोड्या वेळाने महाराज बाहेर आले.

"गळ्यात गाठ. डावीकडे. अहवाल आलाय, आणि तू घरी कोणाला सांगितलं नाहीस, माते."

आत्याने पदर गळ्याशी ओढला. खरंच तिने कोणाला सांगितलं नव्हतं. मलासुद्धा नाही.

"शस्त्र लावायचं नाही," महाराज म्हणाले. "गाठ म्हणजे रुसलेली ऊर्जा. तेल चोळ. वितळेल."

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. ती आत्याने तेल चोळण्यात घालवली.

"आत्या, गाठ आहे हे त्याने ओळखलं, ठीक. पण ती बरी कशी होणार हेही त्याला कळतं कशावरून? पोस्टमनला तुझा पत्ता माहीत असतो, म्हणून तो तुझं घर बांधून देतो का?"

"तू गप रे. तुला लहानपणी आंघोळ कोणी घातली?"

या मुद्द्याला तर्कशास्त्रात उत्तर नाही.

मग मी आमच्या तळमजल्यावरच्या प्राध्यापकांना गाठलं. जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस. ते म्हणाले, "भोंदू आहे. तुमच्या दवाखान्यात पेशंटना अहवाल बघायला ठेवलेल्या यंत्रावर तो कोणाच्या तरी खांद्यावरून पासवर्ड बघत असणार. शास्त्रीय कसोटी घेतो." त्यांनी घरी बसून, खोलीची कडी लावून, आपल्या दवाखान्यातल्या खात्याचा पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड बायकोलाही सांगितला नाही. नंतर गेले महाराजांकडे. महाराज पडद्यामागे गेले, आले, आणि प्राध्यापकांची कालचीच साखर दशांशासकट सांगितली.

प्राध्यापकांनी हार घातला. परत येताना जिन्यात मला म्हणाले, "विज्ञानाला मर्यादा असतात, बरं का." म्हणजे भोंदूला जे वर्षभर मिळालं नसतं, ते नास्तिकाच्या एका कसोटीने मिळवून दिलं. पुढच्या रविवारी रांग दुकानाला वळसा घालून गेली.

दवाखान्याने आत्याला दुसरी तारीख दिली. आत्या म्हणाली, "वितळतेय रे." गळा मात्र भरत चालला होता.

मला पहिली खरी खोट दाखवली ती रांगेतल्या शिंपीणबाईने, आणि तीसुद्धा महाराजांचं कौतुक करताना. "आधी मला म्हणाले, तुझ्याभोवती दाट पडदा आहे, काही दिसत नाही. दवाखान्यातल्या बाकावर जा, तिथल्या यंत्रावर शांतपणे तुझा अहवाल उघड, मग ये. मी तसं केलं, आणि पुढच्या वेळी सगळं घडाघडा!"

"त्याआधी अहवाल कुठे बघायचात?"

"घरी. मोबाइलवर."

त्रिकालदर्शी माणसाला मोबाइलचा पडदा भेदता येत नाही, हे मला जरा खटकलं. मी तडक आमच्या संगणक विभागात गेलो. तिथल्या प्रमुख बाईंना सगळे कुलूपबाई म्हणतात, कारण त्या चहाच्या कपावरही झाकण ठेवतात.

मी मेव्हण्याच्या दुकानातली तेलाची बाटली त्यांच्यासमोर ठेवली. वर महाराजांचा फोटो होता. कुलूपबाईंनी तळव्याने फोटोतली दाढी झाकली.

"अहो, हा तर आपली यंत्रं दुरुस्त करायला यायचा! बाहेरच्या खोलीतली, पेशंटसाठी ठेवलेली. कंत्राट संपलं आणि गायब झाला."

"पण प्राध्यापकांनी इथल्या यंत्रावर खातं उघडलं ते कधीच, आणि नंतर घरी पासवर्ड बदलला होता."

"पासवर्डाला विचारतो कोण?" त्या म्हणाल्या. "तुम्ही वाचनालयात जाता. दारावरच्याला ओळखपत्र दाखवता. तो तुम्हाला बिल्ला देतो. मग आत प्रत्येक दालनात बिल्लाच बघतात, तोंड कोणी बघत नाही. लॉगिन केलं की आमचा सर्व्हर तसाच एक बिल्ला देतो, अक्षरांची लांबलचक माळ. त्या बिल्ल्यावर जितका काळ आत राहता येतं, त्याला आम्ही सेशन म्हणतो. ह्या पठ्ठ्याने यंत्र साफ करता करता त्यात चोरवाट ठेवली असणार. तुम्ही आत शिरलात की बिल्ल्याची नक्कल त्याच्याकडे."

"पण लोक 'बाहेर पडा' दाबतात की!"

"दाबल्यावर यंत्रातला बिल्ला पुसला जातो. नक्कल थोडीच पुसली जाते? ती कुचकामी करायची तर सर्व्हरने बिल्लाच रद्द केला पाहिजे. बाहेर पडलात की रद्द, पासवर्ड बदललात की रद्द, आणि काहीच नाही केलंत तरी थोड्या वेळाने आपोआप रद्द. कुठेही असंच असतं."

"मग आपल्याकडे?"

कुलूपबाईंनी कपावरचं झाकण नीट केलं. "आपल्याकडे मोठे डॉक्टर असतात."

मोठे डॉक्टर म्हणजे दवाखान्याचे संस्थापक. राउंड मारून परत आले, की संगणक त्यांना पासवर्ड विचारायचा. एकदा ते कडाडले, "हा दवाखाना मी बांधला आणि हे डबडं मलाच विचारतंय तुम्ही कोण?" झालं. बिल्ल्याची मुदत दहा वर्षं केली. मग घरी सूनबाईंनी डॉक्टरांच्या टॅबवर 'बाहेर पडा' दाबलं आणि इथे भर बैठकीत त्यांचा पडदा कोरा झाला. तेव्हा रद्द करणंही बंद. एका माणसाला दिवसातून दोनदा आठ अक्षरं टाइप करायचा कंटाळा, म्हणून सगळ्या गावाचे बिल्ले दहा वर्षांसाठी अजरामर.

"तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?"

"सांगितलं. ते म्हणाले, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?"

मी बाहेरच्या खोलीतल्या यंत्रावर माझं खातं उघडलं आणि 'बाहेर पडा' दाबून इमानदारीत बाहेर पडलो. कुलूपबाईंनी माझ्या संमतीने माझ्या नोंदीत एक आजार घातला. रविवारी आम्ही दोघं रांगेत. आत्या पुढेच बसली होती, गळ्याभोवती रुमाल; शेजारी प्राध्यापक आणि शिंपीणबाई.

महाराज पडद्यामागे गेले, आले, डोळे मिटले. "वत्सा, उजव्या पायाला... सहावं बोट. लपवतोस. कापायला सांगितलंय. कापू नकोस. तेल लाव."

मी बूट काढला. मोजा काढला. पाय प्राध्यापकांसमोर धरला. "मोजा, सर."

प्राध्यापकांनी मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. "पाचच आहेत," ते खजील होऊन म्हणाले.

मला वाटलं, झालं काम. पण महाराज मंद हसले.

"स्थूल देहाला पाच. सहावं सूक्ष्म देहात आहे."

"वा!" कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. शिंपीणबाई तर माझ्या पायाकडे भक्तिभावाने बघू लागल्या. आत्या माझ्यावर खेकसली, "मोजा घाल आधी. वास येतोय."

माणसाला फसवणं सोपं आहे. तू फसलायस हे पटवणं अवघड.

तेव्हा कुलूपबाईंनी मांडीवरचा लॅपटॉप उघडला, एक बटण दाबलं आणि म्हणाल्या, "महाराज, आता कोणाचंही सांगा. ह्या आजोबांचं सांगा. प्राध्यापकांची आजची साखर सांगा."

महाराज पडद्यामागे गेले. निळा प्रकाश पडला. पण ते काही येईनात. आत खडखड वाजू लागलं. माझ्या आत्याने, जिला त्या घरात मोठ्याने श्वास घ्यायलाही भीती वाटायची, उठून पडदा ओढला.

आत ध्यानस्थ बसलेला संगणक होता. त्याच्या पडद्यावर एकच वाक्य : कृपया पुन्हा लॉगिन करा.

"मी आत्ता सगळे बिल्ले रद्द केले," कुलूपबाई म्हणाल्या आणि सगळ्यांना वाचनालयाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मध्येच त्यांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. "मला बाहेर कोणी काढलं? मी कोण आहे माहीत आहे का?"

"तेच विचारतोय सर्व्हर, सर," त्या म्हणाल्या. "सांगून टाका."

आत्याने गळ्याभोवतीचा रुमाल सोडला. तेलाची बाटली महाराजांच्या पायाशी ठेवून ती जिना उतरली. दुसरी तारीख तिने चुकवली नाही.

वाचकहो, चमत्कार करणाऱ्याला हवेतून अंगठी काढायला सांगू नका. तुमचंच गुपित त्याने तुम्हाला सांगितलं, तर एवढंच विचारा : तुला कळलं कुठून? आणि ते कळलं म्हणून पुढचंही तुला कळतं कशावरून? या दोन प्रश्नांना वेळ लागत नाही, तेल तर मुळीच लागत नाही.

आता बाकी काढू. महाराज चौकशीला सामोरे जात आहेत. मेव्हणा त्याच बाटल्यांतून केसांचं तेल विकतो आणि ते बरं खपतं. प्राध्यापक सांगतात, मला आधीपासून संशय होता. कुलूपबाईंना कारणे दाखवा नोटीस आली, आणि तिच्यावर सही मोठ्या डॉक्टरांची. ते आता दिवसातून दोनदा आठ अक्षरं टाइप करतात आणि त्याबद्दल कुरकुरतात.

गाठ निघाली. आत्या वाचली. पण तेल चोळण्यात गेलेल्या दिवसांत गाठीने आवाजाच्या नसेला मिठी मारली होती; गाठीबरोबर नसही गेली. सर्जन म्हणाले, पहिल्या तारखेला आल्या असत्या तर नस सोडवता आली असती.

आता भाजी आणली की आत्या चार मजले चढून येते, माझं दार वाजवते आणि ओठ हलवते.