छर्रे खोडा

दुकानामागच्या स्फोटात जखमी झालेल्या शिंप्याच्या पाठीतून निघालेले सतरा तुकडे मोठ्या सिस्टरांनी धुऊन ट्रेमध्ये ठेवले आणि अहवालात लिहिलं, ‘तोफगोळ्याचे छर्रे’. तेवढ्यावरून साहेब सकाळी सकाळी वॉर्डात हजर झाले. कडक इस्त्री, छातीवर दारूगोळा कारखान्याचा बिल्ला, आणि पेशंट कसा आहे हे विचारायला सवड नाही.

“सिस्टर, ‘छर्रे’ खोडा. छर्रे म्हणजे गोळ्याच्या पोटात मुद्दाम भरलेल्या बारीक गोळ्या. तसला माल आम्ही कधीचाच बंद केला. हे नुसते तुकडे आहेत.”

शिंपी पालथा पडून निमूट ऐकत होता. आपल्या पाठीत चुकीचा शब्द घुसलाय, याची त्या बिचाऱ्याला काय कल्पना!

“तुकडे कशाचे लिहू?” सिस्टरांनी विचारलं. तीस वर्षांत त्यांनी भल्याभल्या डॉक्टरांना सरळ केलं होतं.

“धातूचे लिहा. याच्या शिलाई मशीनचेसुद्धा असतील.”

“मशीन माझ्या पुढ्यात असतं, साहेब,” शिंपी उशीतूनच म्हणाला.

साहेबांनी ते कानाआड केलं. सिस्टरांनी मात्र मुकाट्याने ‘छर्रे’ खोडलं. मग चिमट्याने सगळ्यांत मोठा तुकडा उचलून त्यांनी साहेबांच्या नाकासमोर धरला. त्यावर एक ठसा होता, अगदी बिल्ल्यावरचाच, आणि खाली नंबर.

“शब्द तुमचा घेतला, साहेब. आता तुकडे कुणाचे, तेही तुम्हीच वाचून सांगा. मी लिहून घेते.”