चढत्या क्रमाने

“सोमनाथराव, यातला सखुबाईंचा आकडा कुठला?” प्रयोगाचा हिशेब लावणाऱ्या भाग्यश्री मॅडमनी विचारलं आणि सोमनाथ रकान्यांवरून नुसतं बोट फिरवत राहिला.

पंचवटीपलीकडच्या शेती कचेरीत तो एकोणीस वर्षं कारकून. यंदाचा, म्हणजे दोन हजार एक सालचा टोमॅटोचा प्रयोग त्यानेच उतरवून काढलेला. सखुबाई, सहादू, लहानू धरून बारा शेतकरी, प्रत्येकाचे शेजारी शेजारी दोन वाफे, एकात जुनं बियाणं, दुसऱ्यात नवं. दोन्हींच्या उत्पन्नाच्या सरासऱ्या ताडून ठरायचं होतं, नवं बियाणं गावोगाव द्यायचं की नाही. अहवाल आज संध्याकाळी जायचा होता.

“जोडीची चाचणी लावायचीय,” मॅडम म्हणाल्या. “सहादूची जमीन काळी कसदार, सखुबाईंची मुरमाड. बारा जुने वाफे एकीकडे नि बारा नवे दुसरीकडे असे नुसते समोरासमोर ठेवले, तर जमिनींच्या फरकात बियाण्याचा फरक बुडून जातो. ज्याचा वाफा त्याच्याच दुसऱ्या वाफ्याशी ताडायला हवा.”

आणि या शहाण्याने काय केलं होतं? कागद सुबक दिसावा म्हणून दोन्ही रकाने लहानापासून मोठ्यापर्यंत लावले, नावं गाळली. कुठला आकडा कुणाचा, देव जाणे.

“मूळ चिठ्ठ्या?”

“पाणी तापवायला बंबात घातल्या, मॅडम.”

 सोमनाथने लुना काढली आणि निदान आठवणीतला आकडा मिळावा म्हणून सखुबाईंचा मखमलाबादचा मळा गाठला. सखुबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

“आकडा कुठं ध्यानात ऱ्हातोय, भाऊ? पण नवा वाफा लय सरस, एवढं पक्कं. सहादूकडंबी तेच, लहानूकडंबी तेच. आमच्या डोळ्याला दिसतंय, तुमच्या कागदाला नाय दिसायचं का?”

सोमनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो परतला तेव्हा मॅडम गणकयंत्रापाशी बसल्या होत्या. “आठवणीवर चाचणी लागत नाही हो. जोड्या सोडून सुट्या गटांची लावून पाहिली. फरक सिद्ध होत नाही. यंदा बियाणं अडलं.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मी खाली ‘नोंदी गहाळ’ एवढंच लिहिते. तुमचं नाव कशाला?”

वाटलं, गप्प बसावं. कोण विचारतंय! नोकरीची अजून अकरा वर्षं होती.  तरी त्याने अहवाल पुढे ओढला आणि खाली लिहिलं: ‘फरक नाही, असा अर्थ काढू नये. बारा शेतकऱ्यांच्या जोड्या मी मोडल्या. त्यांनी प्रयोग नीट केला होता.’

खाली त्याने बापाच्या नावासकट पूर्ण सही केली आणि पाकीट चिकटवायला खळ मागितली.