मिस्त्रींची झारी

मित्रांनो, मी एक जुनी मालवाहू आगबोट आहे. आता समुद्राच्या तळाशी कुशीवर पडून असते. आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव फार जळका.

मी बांधून झाले तेव्हा इंजिनाचे मिस्त्री माझ्यावर आले आणि बावीस वर्षे राहिले. धान्य, सिमेंट, लाकूड, मिळेल ते मी वाहिले. आई पोराच्या कपाळाला हात लावते तसे मिस्त्री चालत्या इंजिनाच्या सांध्यांवर तळहात ठेवून बघत. जरा गरम लागले की लांब चोचीच्या झारीने तेल घालत. "हिला कधी ताप येत नाही," असे ज्याला त्याला सांगत.

मग मालकांनी नवी बोट बांधली. माझी धाकटी बहीण. पांढरी, चकचकीत, वेगाने माझ्या दीडपट. मिस्त्रींना तिच्यावर धाडले, आणि ते गेले, झारीसकट! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नव्याचे नऊ दिवस, असे म्हणत मी वाट पाहिली. चार वर्षे गेली, मिस्त्री काही परतले नाहीत.

युद्ध लागले तेव्हा सरकारने आम्हा दोघींना ताब्यात घेतले. तिला तोफ मिळाली, मला कोळसा. आम्ही बोटींच्या तांड्यातून जात असू. धुक्यात टक्कर होऊ नये म्हणून प्रत्येक बोट लांब दोराला पिंप बांधून मागे ओढी. त्याचे उडणारे पाणी बघत मागची बोट चाले. माझ्यापुढे कोण? धाकटीच! तिच्या पिंपाचे पाणी बघून माझ्या नाकाला मिरच्या झोंबत.

एकदा मी फारच मागे पडले. तांड्याच्या प्रमुखांनी हुकूम दिला, "म्हातारीला पुढे घ्या. तिच्या चालीने सगळे चालतील."

काय सांगू, मी हरखून गेले! आता मिस्त्रींना माझे पिंप बघत यावे लागणार होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी धुके विरले. शत्रूच्या पाणबुडीला पहिली दिसले ती मीच. टॉर्पेडोने माझी कूस फाडली. पाणी आत घुसले, पण इंजिन अर्धा तास चालत राहिले, पंप पाणी उपसत राहिले आणि माझी सगळी माणसे होड्यांत उतरली. थांबायची मनाई असूनही धाकटी त्यांना घ्यायला थांबली. मिस्त्री तिच्या कठड्याशी उभे होते.

"इंजिन तापलं होतं का रे?" त्यांनी होडीतल्या माझ्या आगवाल्याला, भट्टीत कोळसा टाकणाऱ्याला, विचारले.

"नाही मिस्त्री. शेवटपर्यंत नाही. तुमच्याच हाताखालचं ना ते!"

मिस्त्रींनी डोळे पुसले. मग कमरेला अडकवलेली झारी काढून माझ्याकडे भिरकावली.

"अहो, मग या बोटीला काय वापराल?" धाकटीवरच्या एका खलाशाने विचारले.

"नवी आणीन. ही तिची होती."

झारी आता माझ्याजवळच आहे, गंजलेली. वरून धाकटी गेली की मी अजूनही थोडी जळते, पण पूर्वीइतकी नाही.

मित्रांनो, घरात नवी सायकल आली तर जुनीवरूनही एकदा हात फिरवा. ती आपली आहे हे तिला ती दारात उभी आहे तोवरच सांगा. मला ते ऐकण्यासाठी बुडावे लागले.