शाई संपलेला माकूळ

बेनिल्दाबाईंच्या दुसरीच्या वर्गात सगळी मुलं घरी किनाराय-आ बोलायची, आणि त्या भाषेत वाचायला एकही पुस्तक नव्हतं. म्हणून एका सुट्टीत बाईंनी आपल्या दिवंगत वडिलांची गोष्ट लिहून काढली. वडील मासेमार होते. त्यांच्या गोष्टीतल्या, शाई सोडून शत्रूला चुकवणाऱ्या माकुळाची शाई संपते, तो अख्ख्या खाडीत शाई मागत फिरतो, कुणीच देत नाही, आणि शेवटी तो खडकाआड लपायला शिकतो. चित्रं मनिलाच्या एका प्रकाशकाच्या पुस्तकातून घेतली. वर्गापुरत्या चाळीस प्रती निघाल्या.

प्रांताच्या शिक्षण कचेरीला ती गोष्ट इतकी आवडली, की सगळ्या शाळांसाठी छापायचं ठरलं. पण कचेरीचे ग्रंथपाल क्रिस्पुलो यांनी हस्तलिखित अडवून धरलं.

"चित्रं कुणाची, इंदाय?" बाई पन्नाशीच्या झाल्या, तरी ते त्यांना मुलीसारखीच हाक मारायचे, आणि बाई त्यांना थोरल्या भावासारखं 'मानोंग' म्हणायच्या.

"एका पुस्तकातली. पण मानोंग, हे शिकवण्यासाठीच आहे. पैसे कोण घेतंय?"

"वर्गात दोन-चार चित्रं दाखवून शिकवलंस तर कायदाच तेवढी सूट देतो. तू अख्ख्या पुस्तकाची चित्रं उचललीस आणि आता ती शेकडो शाळांत जाणार. मग त्या प्रकाशकाचं पुस्तक कोण घेईल? तू पैसे घेत नाहीस, म्हणून त्याचं नुकसान थांबतं होय?"

"मग त्या चाळीस प्रती?"

"त्याबद्दल मी तुला विचारलेलं नाही," क्रिस्पुलो म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

बाईंनी चित्रकाराला पत्र लिहिलं. त्याने सभ्यपणे कळवलं, की हक्क प्रकाशकाकडे आहेत. प्रकाशकाने त्याहून सभ्यपणे नाही म्हटलं. बाई दोन दिवस धुमसत होत्या. तिसऱ्या दिवशी त्या नवी चित्रं मागायला किनाऱ्यावर तेओफिलाकडे गेल्या. होड्यांवर नावं आणि मासे रंगवणं हा तिचा धंदा.

"कागदावर मी कधी काढलं नाही," तेओफिला म्हणाली. "आणि सही कशावर करायची ते आधी सांगा. मागे एकाने माझा मासा उचलून बनियनांवर छापला. मला विचारलंही नाही."

बाईंनी क्रिस्पुलोंकडून आणलेला कागद तिला वाचून दाखवला. तो खुला परवाना होता. ज्याला हवं त्याने गोष्ट-चित्रं वापरावीत, छापावीत, बदलावीत, फक्त करणाऱ्याचं नाव राखावं आणि काय बदललं ते सांगावं.

"म्हणजे कुणीही उचलणार?"

"हो. पण तुझं नाव लावून. आणि तुला नको असेल तर नको म्हण. चित्रं तुझीच राहतील."

तेओफिलाने हातातला कुंचला झटकला. "त्या बनियनवाल्याने नाव लावलं असतं, तर मी भांडले नसते," ती म्हणाली आणि सही केली.

गोष्टीच्या परवान्यावर मात्र बाईच अडल्या. गोष्टीत कुणी बदल करायचा नाही, अशी अट त्यांना हवी होती.

"तसा परवानाही आहे," क्रिस्पुलो म्हणाले. "पण मग तिचं भाषांतरही कुणाला करता येणार नाही. दुसऱ्या बेटावरच्या शिक्षिकेकडेही तिच्या भाषेतलं पुस्तक नसेल, तर तिने काय करायचं?"

"गोष्ट माझ्या बाबांची आहे, मानोंग."

"म्हणून तर तुला विचारतोय. मला काय, मी कुठल्याही अटीवर छापीन."

बाई आठवडाभर घुटमळल्या. वडिलांनी ती गोष्ट दरवेळी अगदी तशीच सांगितली होती का, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण खात्री देता येईना. शेवटी त्यांनी बदलाची मुभा ठेवली आणि पहिल्या पानावर वडिलांचं नाव घातलं.

पुढच्या वर्षी सामार बेटावरून टपालाने एक पातळसं पुस्तक आलं. भाषा तिथली, वाराय. चित्रं तेओफिलाची, खाली तिचं नाव. वडिलांचंही नाव होतं, आणि शेवट बदलल्याची नोंद. या पुस्तकात खाडीतले सगळे मासे माकुळाला थेंब-थेंब शाई देत होते.

बाईंना ते सहन होईना. त्यांनी भाषांतरकार शिक्षकाला खरमरीत पत्र धाडलं: तुम्हाला हक्क आहे, ते मला ठाऊक आहे; पण शेवट का बदललात?

उत्तर आलं. "बाई, वादळात आमच्या मुलांची घरं गेली. पहिल्यांदा तुमचीच गोष्ट जशीच्या तशी वाचली. 'कुणीच दिली नाही' इथे आल्यावर एक मुलगी उठून बाहेर गेली. मला पुढे वाचवेना."

बाईंनी पत्र पुन्हा वाचलं. राग पुरता गेला नाही. वडिलांनी माकुळाला कधीच शाई मिळू दिली नसती, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्या दिवशी वर्गात त्यांनी आधी आपली गोष्ट सांगितली, आणि मग सामारची मुलं तिचा शेवट कसा वाचतात तेही सांगितलं. कुठला खरा, यावर मुलं घंटा होईपर्यंत भांडली, आणि बाईंनी त्यांना भांडू दिलं.