मागच्या सीटवरचा आवाज

दिवाळी सरली की दारव्ह्याच्या सकाळींना कापसाचा रंग चढतो. बाजाराकडे निघालेल्या गाड्यांमधून उडालेले पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना बिलगून बसतात, आणि कोवळं ऊन त्यांच्यातून गाळून खाली येतं. त्या शुभ्र, मृदू प्रकाशात मला हटकून आठवतो तो कपाळावरून खाली ओढलेला एक हिरवा पदर आणि त्या पदराआडचा बारीक, सूचक खोकला. ह्या माझ्या सासूबाई. लग्नाला कित्येक वर्षं झाली तरी त्यांचा चेहरा मी धड पाहिलेला नव्हता.

त्यांची रीत होती ती. जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि जावयाशी थेट बोलायचं नाही. आता न बोलता संसार चालत नाही, म्हणून त्यांनी मध्यस्थ नेमली होती ती अंगणातली बकरी, चंपी. मी ओसरीवर बसलेला असे, त्या दोन हात अंतरावर उभ्या असत, आणि सांगत मात्र चंपीला. "अवं चंपे, जावईबापूले म्हन, चहा थंडा होऊन राह्यला." चंपी माझ्याकडे बघून रवंथ करी. माझ्याकडची बाजूही तितकीच कडक होती. बकरीला सांगितलेलं जावयाने ऐकायचं नसतं. बायको येऊन तेच वाक्य पुन्हा सांगेपर्यंत, बहिरा असल्यासारखं आढ्याकडे बघत बसायचं. तोवर चहा खरोखरच थंड होई. मी कॉलेजात शिकवतो, पण सासुरवाडीला गेलो की माझी सगळी विद्या आढ्याला टांगलेली असे.

या मूक साम्राज्यात बंड केलं ते माझ्या मेव्हणीने, पल्लवीने. ती विमानात नोकरीला. मी एकदा गमतीने तिला हवाई सुंदरी म्हणालो, तर फणकारली. "सुंदरी काहून म्हनता भाऊजी? आग लागली त लोकाईले बाहेर काढाचं शिकली मी. चहा देनं त उगीच आहे." ती सुट्टीवर आली की माझ्या जुन्या गाडीचं विमान होई. पट्ट्याचा 'खट्' असा आवाज प्रत्येक सीटवरून ऐकल्याशिवाय ती मला किल्ली फिरवू देत नसे. अंगणात उभी राहून, दोन्ही हात लांब करून, ती गाडीची दारं कुठे आहेत हे आम्हाला दाखवी. दारं आम्हाला ठाऊक होती, पण बोलायची सोय नव्हती. चंपी मात्र मन लावून बघे.

अशाच एका सुट्टीत ती आईच्या बकरीवर घसरली. "विमानात कॅप्टन दार लावून पुढं बसते," ती म्हणाली. "मागं काय जळून राह्यलं, काय वाजून राह्यलं, त्याले काय दिसते? आमीच त्याचे कान. आमी नाई बोललो त सगळेच गेले." उडताना नि उतरताना कॅप्टनशी अवांतर अक्षरही काढायचं नाही, असा म्हणे त्यांचा नियम. पण धोका दिसला की त्याच क्षणी, थेट त्यालाच सांगायचं. काय दिसलं, कुठं दिसलं, काय करायला हवं. एवढंच, आणि लाजायचं नाही. ती नवी असताना, विमान धावपट्टीकडे निघालेलं, आणि मागच्या टोकाला, चहा-जेवण गरम करायच्या ओट्याशी, तिला जळका वास आला. कॅप्टन वयाने मोठा, तोंडाने तिखट. कॅप्टनला जोडलेल्या फोनकडे गेलेला हात तिने आखडला, मग पुन्हा उचलला आणि सांगून टाकलं. विमान थांबलं. एक वायर खरंच जळत होती.

"मंग खवळला का तो?" सासूबाईंनी विचारलं.

"नाई वं. चहा पाजला त्यानं मले."

सासूबाई विचारात पडल्या. पल्लवीने तेवढ्यात हट्टच धरला. तू भाऊजींच्या मागे बसतेस, उद्या तुला काही दिसलं तर काय चंपीला फोन करशील? एक दिवस हे जिवावर बेतेल. तिने आईला स्वयंपाकघरात उभं करून त्याच तीन गोष्टी पाठ करून घेतल्या. "मायबाई, जावयाले तोंड वर करून बोलू?" आतून आवाज येई, "लोक शेन घालतीन तोंडात!" मी ओसरीवर बसून अर्थातच काही ऐकत नव्हतो.

पल्लवी कामावर परतली आणि थोड्याच दिवसांत आम्ही नेरला एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, निघालो. सकाळीच टायर पंक्चर झाला होता. पंक्चरवाल्याने चाक बसवलं, नट हाताने फिरवले, इतक्यात चहा आला. आपल्याकडे चहा आला की पाना खाली ठेवतात. चहा झाला, गप्पा झाल्या, पाना तिथेच राहिला, आणि आम्ही निघालो. बायको माझ्या शेजारी, कानात गाणी घालून गाढ झोपलेली. मागे एकट्या सासूबाई, मांडीवर लाडवांची पिशवी. दोन्हीकडे कापूस फुटलेला, रस्ता मोकळा, मी रंगात आलेलो.

मागून खोकला आला. मी नेहमीप्रमाणे ऐकला नाही. मग बायकोला हाका झाल्या. ती ढिम्म. गाडीत बकरी नव्हती. मग अगदी हळू आवाज आला. "अवं पिशवे, मांगून टकटक वाजून राह्यलं."

हे मला स्पष्ट ऐकू आलं! पण ते पिशवीला सांगितलेलं होतं. इतक्या वर्षांची सवय हाडात मुरलेली. मी शिस्तीत समोर बघत राहिलो. पुढे पुलाचा उतार दिसू लागला होता, गाडी वेग घेत होती.

मग माझ्या खांद्यामागे बांगड्या वाजल्या. आरशात पाहिलं, तर पदर मागे सरलेला आणि एक घाबरलेला, गोरा, म्हातारा चेहरा थेट माझ्याकडे बघतोय. "जावईबापू," सासूबाई खणखणीत म्हणाल्या, "मांगचं डावं चाक वाजून राह्यलं. गाडी थांबवा!"

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. उतरून बघतो तर चाक एकाच नटावर लोंबत होतं. मी तिथेच मातीत बसलो. बायको आता कुठे जागी होऊन, नेर आलं का, म्हणून विचारत होती. मान वर केली तोवर पदर जागेवर आला होता. "अवं पिशवे," आतून थरथरता आवाज आला, "जावईबापूले म्हन, घाबरू नोका. लाडू खा म्हना." मी रस्त्यातच दोन लाडू खाल्ले. आभार मानायला तोंड उघडलं, पण लाडू भरलेला होता आणि समोर पदर होता. तेव्हा राहिलं ते राहूनच गेलं.

त्यानंतर त्या माझ्याशी कधीच थेट बोलल्या नाहीत. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. पल्लवी अजून येते, मागच्या रिकाम्या सीटचाही पट्टा लावते, 'खट्' आवाज होतो, आणि मगच किल्ली फिरवायला सांगते.

परवा कापसातली ती सकाळ पुन्हा उजाडली. मी सासुरवाडीच्या ओसरीवर चहा घेत होतो, चंपी समोर रवंथ करीत होती. इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. "चंपे," मी म्हणालो, "सासूबाईले म्हन, त्या दिवशी लय उपकार झाले." चंपीने नेहमीसारखं माझ्याकडे पाहिलं. आता उमगतं, गेलेल्या माणसाशी बोलायचं तर असंच बोलावं लागतं, मध्ये कुणाला तरी उभं करून, आणि ऐकलं की नाही हे न विचारता. सासूबाई जिवंतपणी तेवढंच मला शिकवत होत्या.