घोट्यावरचा अंगठा

तिला चिकटपट्टीचं टोक सापडत नव्हतं. रिळाच्या कडेवरून नखानं एक फेरी, मग उलटी फेरी — पांढऱ्यावर पांढरं, कुठून सुरू होतं त्याचा पत्ता लागू न देणारं. समोरच्या टेबलावर कप्तान उताणा पडला होता, उजवा पाय तिच्याकडे करून. भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये आधीचा सामना चालला होता, दुसऱ्याच दोन देशांचा; लाकडी जमिनीवर बूट करकरत होते.

"ताई, टोक शोधताय की मुहूर्त?" गोलकीपर बोटांना पट्ट्या गुंडाळत म्हणाला. "काळजी नको. उगाच नाही याला बोका म्हणत. वरून टाकलात तरी पायांवरच पडतो."

"पायावरच पडलो ना काल," कप्तान म्हणाला, "म्हणून तर ही दशा."

तिला हसू आलं. आलं याचाच मग तिला राग आला.

नव्या सरांनी दारातून डोकं आत घातलं. "नावं द्यायचीत. बोक्याचं काय?"

"बघते."

"बघा. तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं... संघाची फिजिओ ती, तेव्हा तिनंच म्हणायचं. घोट्यातला अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, नुसता ताणला असेल तर पट्टी बांधून तो खेळेल, आणि तो खेळला तरच या सामन्यात काही आशा. पाच जणांच्या फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेत आपला देश इथवर कधी पोचलाच नव्हता. पण बंध अर्धा फाटला असेल तर आज पुरता फाटेल, आणि या वयात पुन्हा सांधणार नाही. हो किंवा नाही. एवढंच. आणि हाच तो माणूस, ज्यानं स्पर्धेच्या आधी संघटनेच्या सेक्रेटरींना जाऊन सांगितलं होतं, सरांना आता बाजूला करा. सर म्हणजे या संघाचे जुने प्रशिक्षक. म्हणजे बाबा.

बाबांना मोठ्या मैदानावरच्या फुटबॉलपेक्षा हा खेळ लाडका, कारण इथे बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा आत जाऊ शकतो, कितीही वेळा. "तिकडे एकदा उठवला की उठवला," ते म्हणायचे, "इथे दमलास? ये, पाणी पी, जा परत." आणि मग एका सराव सामन्यात त्यांनी एकाला आत पाठवलं आणि बाहेर कुणालाच बोलावलं नाही. मैदानात पाचाऐवजी सहा. ती शेजारीच बसली होती, मांडीवर बर्फाची पिशवी घेऊन — बाबा इतक्या समाधानानं मैदानाकडे बघत होते, जशी काही सगळी मुलं वेळेवर घरी आली आहेत... बोक्याच्या ते ध्यानात आलं. पंचाची नजर वळायच्या आत तो आपणहून धावत बाहेर आला, आणि जणू काहीच झालं नाही अशा थाटात पाणी प्यायला. पुढच्या वेळी पुन्हा सहा झाले, तेव्हा त्याला तेवढी सवड मिळाली नाही. शिट्टी वाजली, झालेला गोल रद्द झाला, सामना गेला. त्यानंतर तो सेक्रेटरींकडे गेला. बाबांच्या मेंदूतली गाठ सापडली ती त्याच्याही नंतर, जेव्हा तिचं नाव कळण्यापलीकडे हाती काही उरलं नव्हतं.

"बरोबर केलं त्यानं," बाबा इस्पितळात म्हणाले होते. तिला न विचारता त्यांनी माफ करून टाकलं होतं. सगळा राग तिच्या एकटीच्या वाट्याला ठेवून ते मागच्या महिन्यात गेले.

तिनं पट्टीचं रीळ बाजूला ठेवलं आणि घोट्याच्या हाडाखाली अंगठा दाबला.

"आई गं!"

हे घ्या उत्तर. नाही खेळायचं... मग तिचं लक्ष स्वतःच्या नखाकडे गेलं. ते पांढरंफटक पडलं होतं. या तपासणीला एवढा जोर लागत नाही. एवढ्या जोरानं धडधाकट पायही ओरडला असता.

तिनं पुन्हा दाबलं, हलकेच. "इथे?"

"नाही."

"आणि इथे?"

"काही नाही हो, ताई." तो छताकडे बघत होता. जबडा आवळलेला.

म्हणजे मघाशी तिचा हात खोटं बोलला, आणि आता त्याचं तोंड.

गोलकीपर सरावाला बाहेर गेला. खोलीत दोघंच उरली.

"ताई, तुम्ही नको म्हणालात तर मी वाद घालणार नाही," तो छताकडे बघतच म्हणाला.

"का?"

"सरांच्या वेळी कुणीतरी बोलायला हवं होतं, ते मी बोललो. आता तुम्ही बोला."

माफी नव्हती ती. तिनं ते बोलणं धरून पाहिलं, उलटंपालटं केलं; माफी नव्हतीच. तिनं पाय दोन्ही तळव्यांवर घेतला. सैल सोडा, असं ती प्रत्येकाला सांगते आणि कुणीच सोडत नाही. माणूस आपलं थोडं वजन स्वतःकडे राखूनच ठेवतो. एकट्या बाबांनी पाय सोडला होता, अगदी शेवटी, जेव्हा ती त्यांच्या सुजलेल्या पावलांवरून नुसता हात फिरवत बसायची... यानंही सोडला होता. पुरता. एखादी वस्तू सांभाळायला द्यावी तसा.

दाराबाहेर नव्या सरांचा आवाज आला, कुणाला तरी 'थांबा' म्हणणारा. तिनं राग चाचपून पाहिला, अंधारात आपल्याच घरातला दिव्याचा खटका चाचपावा तसा. हाताला नुसती भिंत लागत राहिली. तिला भीती वाटली. राग होता तोवर बाबा या खोलीत होते. आता फक्त एक घोटा होता, गरम, आणि त्यावर तिचे दोन अंगठे, ज्यांना हो की नाही, काहीच ठाऊक नव्हतं.